दंडकारण्यात दुसऱ्यांदा

कोल्हापूरहून सुटणाऱ्या महाराष्ट्र एक्स्प्रेसच्या डब्यांवर ‘गोंदिया’ लिहिलेलं असतं, मुंबईहून सुटणाऱ्या विदर्भ एक्स्प्रेसच्या डब्यांवरही. पुण्या-मुंबईकडच्या पुष्कळांची या गावाशी ओळख एवढीच : गाडी जिथे रिकामी होते ते स्टेशन. मागच्या हिवाळ्यात माझ्याकडे आलेल्या एका पाहुण्याने उतरल्या उतरल्या विचारलं, “इथून पुढे काय?” पुढे आमगाव, सालेकसा, दरेकसा, मग छत्तीसगड. मी म्हटलं, पुढे भवभूती.

थट्टा नव्हती ती. आमगाव गोंदियाहून वीस-पंचवीस किलोमीटर आणि त्याच्या जवळच पदमपूर. ‘मालतीमाधव’च्या प्रस्तावनेत भवभूती आपल्या घराण्याचं गाव सांगतो : विदर्भातलं पद्मपूर. तैत्तिरीय शाखेचं, काश्यप गोत्राचं वेदपाठी घर. आजा भट्टगोपाळ, बाप नीलकंठ, आई जतुकर्णी. ते पद्मपूर म्हणजे हे पदमपूर, असं वा. वि. मिराशींनी मांडलं, आणि इथल्या माणसाला आता त्याबद्दल शंका नाही. आमगावच्या कॉलेजला नावही भवभूतीचंच आहे. आठव्या शतकात हा माणूस इथून निघाला तो उत्तरेत कनोजच्या यशोवर्म्याच्या दरबारी पोचला. कल्हणाने ‘राजतरंगिणी’त तशी नोंद केली आहे. त्याची तिन्ही नाटकं कालप्रियनाथाच्या यात्रेत रंगली. म्हणजे लिहिणारा परगावचा आणि बघणारेही वाट तुडवून आलेले.

अभिजात वाङ्मयातल्या भटक्यांचा विषय निघाला की आपण युलिसिसपासून सुरुवात करतो, सिंदबादला हात लावतो आणि परत येताना मेघदूतावर थांबतो. रामटेक इथून लांब नाही, त्यामुळे आमच्याकडच्या कुठल्याही व्याख्यानात तो ढग येतोच. पण मेघदूतातला प्रवासी ढग आहे; वाट सांगणारा यक्ष जागचा हललेला नाही. ती वाट फार देखणी आहे, पण एकेरी आहे. विरहाने व्याकूळ झालेल्या माणसाने नकाशावर बोट फिरवावं, तशी. भवभूतीने केलं ते वेगळं आणि माझ्या मते जास्त अवघड. त्याने आपल्या भटक्याला त्याच जंगलात दुसऱ्यांदा पाठवलं.

‘उत्तररामचरित’ हे सगळं नाटकच या दुसऱ्या खेपेवर उभं आहे. पहिल्या अंकात राम, सीता आणि लक्ष्मण वनवासाची चित्रं बघत बसले आहेत. अयोध्या आहे, राज्य आहे, सगळं स्थिरस्थावर. चित्रं बघता बघता गरोदर सीतेला डोहाळा लागतो : पुन्हा त्या रानात जायचंय. आणि तिचा तोच हट्ट तिला रानात सोडून यायला निमित्त होतो. प्रवासवर्णनाच्या इतिहासात याहून क्रूर प्रसंग मी वाचलेला नाही. आपण फोटो बघतो, पुन्हा जाऊ या म्हणतो, आणि कुणीतरी खरंच गाडी जोडून आणतं.

दुसरा अंक उघडतो तो आत्रेयीवर. ती तापसी आहे, विद्यार्थिनी आहे, आणि एकटी चालत निघाली आहे. वाल्मीकींच्या आश्रमात शिकत होती, पण तिथे कुश आणि लव नावाची दोन पोरं इतकी हुशार निघाली की त्यांच्याबरोबर शिकणं जमेना. त्यात गुरुजी रामायण रचण्यात गुंतलेले. म्हणून अगस्त्यांकडे वेदान्त शिकायला ती दंडकारण्य तुडवते आहे. वाटेत वनदेवता वासंती तिची विचारपूस करते आणि त्या बोलण्यातून आपल्याला बारा वर्षांची हकीकत कळते. क्रौंचाच्या वधातून श्लोक कसा जन्मला हेही आत्रेयीच सांगते. (क्रौंच म्हणजे सारस असं मानणारे अभ्यासक आहेत. महाराष्ट्रात सारस उरले आहेत ते मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याच्या धानाच्या बांध्यांत. हा पक्षी बाकीच्या करकोच्यांसारखा देशोदेशी जात नाही, जोडीने इथेच राहतो.) शिक्षणासाठी एकटी चालत निघालेली बाई आठव्या शतकातल्या नाटककाराला सहज सुचली. आपल्या रंगभूमीने राम घेतला, सीता घेतली आणि आत्रेयीला हकीकत सांगण्यापुरतं ठेवलं.

मग राम येतो. येतो कशासाठी, तर तप करणाऱ्या शूद्र शंबूकाला मारायला. हा प्रसंग आज घशाखाली उतरत नाही, उतरूही नये. भवभूतीच्याही तो नीट उतरला नसावा, कारण रामाचा हात उचलताना त्याने त्या हातालाच दूषण द्यायला लावलं आहे. मारला गेलेला शंबूक दिव्य रूप घेऊन उभा राहतो आणि रामाला सांगतो की हेच ते दंडकारण्य, हेच जनस्थान. म्हणजे रानाचा वाटाड्या तोच, ज्याचा आताच बळी घेतला. या जिल्ह्यात राहून ते पान वाचताना मला थोडं थांबावं लागतं.

राम रान ओळखू बघतो आणि ओळखता येत नाही. पूर्वी जिथे पाण्याची धार होती तिथे वाळू पडली आहे. दाट होतं ते विरळ झालं, विरळ होतं ते दाट. डोंगर तेवढे जागेवर आहेत, म्हणून जागा तीच असं म्हणायचं. पुढच्या अंकात तर सीता शेजारी उभी असूनही त्याला दिसत नाही. तिने वाढवलेला हत्तीचा छावा दिसतो, मोर दिसतो, कदंब दिसतो. वासंती त्याला एकेक जागा दाखवते आणि एकेक प्रश्न विचारते. पहिल्या खेपेला रान सुंदर होतं, दुसऱ्या खेपेला ते साक्षीदार झालं आहे.

हे मापच मला मराठीतल्या भ्रमंतीच्या लेखनाला लावून बघायचं आहे. जो एकदाच गेला त्याने काय लिहिलं आणि जो परत गेला, किंवा मुक्काम टाकून राहिला, त्याने काय लिहिलं?

मराठी गद्याची सुरुवातच एका भटक्याच्या चरित्राने झाली हे आपण अभ्यासक्रमात शिकतो आणि विसरतो. चक्रधरस्वामींनी आयुष्याचा मोठा काळ एकट्याने फिरण्यात घालवला. ‘लीळाचरित्रा’चा ‘एकांक’ त्या फिरण्याचा आहे. त्यात आमची झाडी, म्हणजे हा पूर्व विदर्भही आहे. निळभट्ट भांडारेकार त्यांना भेटले ते भंडाऱ्यात, आणि घरदार सोडून मागे निघाले. १९९९ च्या १ मेपर्यंत गोंदिया भंडाऱ्यातच होता, तेव्हा त्या लीळेवर आमचाही थोडा हक्क आहे. पण ‘लीळाचरित्र’ मोठं झालं ते चक्रधर फिरले म्हणून नव्हे. ते गेल्यावर त्यांचा शिष्य म्हाइंभट पुन्हा फिरला. ज्याने जे पाहिलं त्याच्यापाशी गेला, ऐकलं, पडताळलं, कुणाचा पाठ काय तोही नोंदवला. पुढे महानुभावांनी ‘स्थानपोथी’ केली : कुठल्या गावी, कुठल्या देवळाच्या कुठल्या बाजूला स्वामी बसले होते. पहिल्या प्रवाशाने काही लिहिलंच नाही. मागून गेलेल्यांनी ओट्याओट्याची मोजणी करून ठेवली. हे जगातल्या कुठल्याही प्रवाससाहित्याशेजारी ठेवावं.

वरसईच्या विष्णुभट गोडशांचंही तसंच. दक्षिणा मिळेल म्हणून घर सोडलं आणि सत्तावन्नच्या बंडात सापडले, झाशीच्या वेढ्यात अडकले, लुटले गेले, आणि सगळ्यातून गंगेची कावड तेवढी घरी आणली. ‘माझा प्रवास’ त्यांनी लिहिला तो जवळजवळ पंचवीस वर्षांनी, आणि चिंतामणराव वैद्यांनी तो छापला १९०७ साली. पाव शतक ती वाट डोक्यात पुन्हा पुन्हा चालून झालेली असल्यामुळेच त्यात भूक, भीती आणि दक्षिणेचा हिशेब एकाच सुरात येतात. परतल्याच्या आठवड्यात लिहिलं असतं तर कदाचित बंडाची बातमी झाली असती.

विसाव्या शतकाबद्दल थोडक्यात. अनंत काणेकर ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ घेऊन गेले तेव्हा प्रवासवर्णनाला लेखकाचं मन मिळालं. पु. लं.च्या ‘अपूर्वाई’ने १९६० मध्ये त्याला विनोद दिला, आणि नकळत एक वाईट वळणही दिलं : देशापेक्षा प्रवासी महत्त्वाचा. पु. लं.ना ते शोभलं, कारण तो प्रवासी पु. ल. होता. नंतरच्यांनी विनोद वगळून प्रवासी तेवढा ठेवला. मीना प्रभूंनी देशामागून देश लिहिले, माहिती भरपूर दिली. पण त्यांचं टिकणारं पुस्तक मला ‘माझं लंडन’च वाटतं, कारण तिथे त्या राहत होत्या. गो. नी. दांडेकर आमच्या विदर्भातलेच, जन्म परतवाड्याचा. ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ नर्मदेच्या परिक्रमेवर उभी आहे, आणि परिक्रमा म्हणजे निघालो तिथेच यायचं. दुर्गांवर तर ते इतक्यांदा गेले की वाटांनाच त्यांची पावलं पाठ झाली असतील.

आता गोंदियाकडे. या जिल्ह्याने मराठीला दोन फिरस्ते दिले. दोघेही बाहेरचे, दोघेही उघड्या, कोरड्या मुलखातून आलेले. व्यंकटेश माडगूळकर माणदेशाचे, मारुती चितमपल्ली सोलापूरचे. पावसाची वाट बघत वाढलेल्या माणसांना इथल्या सागवानाने आणि तळ्यांनी झपाटलं, यात मला नवल वाटत नाही.

माडगूळकर नागझिऱ्याला आले ते मुक्कामाला. अभयारण्याच्या मधल्या त्या तळ्याकाठी राहिले, रोज त्याच वाटा धरल्या, त्याच पाणवठ्यावर बसले. ‘नागझिरा’ वाचताना सुरुवातीला वाटतं की काही घडतच नाही. वाघाची आरोळी नाही, पाठलाग नाही. माणूस बसला आहे आणि समोर जे येईल ते रेघेने आणि शब्दाने टिपतो आहे. चित्रकार असल्यामुळे विशेषणापेक्षा बाह्यरेषेवर त्याचा भरवसा जास्त. वीसेक पानांनंतर आपलाही श्वास त्या तळ्याच्या वेगाने चालू लागतो. रोज त्याच जागी जाणं हीही दुसरी खेपच आहे. त्या पुस्तकाची उणीव सांगायची तर रान जितकं जवळून आलं तितकी रानातली माणसं आली नाहीत. ‘बनगरवाडी’ लिहिणाऱ्याकडून ती अपेक्षा चुकीची नव्हती.

चितमपल्लींचं वेगळं. ते वनखात्याचे नोकर. नवेगावबांधला त्यांची बदली झाली आणि नोकरीचा मुलूख हळूहळू त्यांच्या लेखनाचा मुलूख झाला. नवेगावचं तळं कोलू पाटील कोहळी याने बांधलं, असं इथे लहान पोरही सांगतं. कोहळी हे तळी बांधणारे लोक. काशीहून एका गोंड राजाबरोबर आपण इकडे आलो, अशी त्यांच्यात सांगी आहे. म्हणजे बांध घालून पाणी अडवणारेही मुळात वाटसरूच. त्या तळ्याच्या काठावर चितमपल्लींना माधवराव पाटील डोंगरवार भेटले, आणि एका अधिकाऱ्याला पुन्हा शाळेत बसावं लागलं. कुठला पक्षी कधी येतो, कुठल्या झाडाचं गावात काय नाव आहे, ढिवर कुठल्या माशाला काय म्हणतात. पुस्तकातून मिळणारं इंग्रजी नाव आणि गावातलं नाव यांच्यामध्ये जी दरी होती, ती त्यांनी आयुष्यभर बुजवली. ‘पक्षिकोश’ त्याच सवयीतून आला. हंसदेवाचं ‘मृगपक्षिशास्त्र’ मराठीत आणण्यासाठी ते संस्कृताकडेही वळले.

‘चकवाचांदण’ या आत्मकथनाच्या नावात चकवा आहे, हे मला फार नेमकं वाटतं. आमच्याकडे रात्री रानात माणसाला चकवा लागतो : तो चालत राहतो आणि पहाटे बघतो तर त्याच झाडाखाली उभा असतो. बाकीच्यांना ही भीती वाटते. चितमपल्लींचं सगळं लेखन हे असं त्याच झाडाखाली परत येणं आहे. त्याचा तोटाही झाला. तीच हकीकत तीन पुस्तकांत भेटते; पाहिलेलं आणि ऐकलेलं यांच्यातली रेघ ते कधी कधी पुसून टाकतात, आणि चोखंदळ निसर्ग-अभ्यासक तिथे कपाळाला आठी घालतो. ती आठी रास्त आहे. तरीही मराठीला रानातले शेकडो शब्द मिळाले ते याच माणसाकडून. २००६ मध्ये ते सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला सोलापुरात ते गेले.

त्यांच्यानंतर काय? मी दर वर्षी आठ-दहा दिवाळी अंक विकत घेतो, आणि भ्रमंतीचा विभाग आधी वाचतो. लेखक चार दिवसांत सहा ठिकाणं बघतो. प्रत्येक ठिकाणाला दोन परिच्छेद : एकात इतिहास, दुसऱ्यात जेवण. सूर्योदय झाला की तो ‘शब्दांत न मावणारा’ असतो, आणि मग तो शब्दांत मावण्याची खटपट कुणी करत नाही. फोटो फार चांगले झाले आहेत, वाक्यं ढिली पडली आहेत. जंगलावरच्या लेखांत तर वाघ दिसला की लेख संपतो आणि दिसला नाही की ‘निसर्गाने भरभरून दिलं’ असं समाधान करून संपतो. नवेगाव-नागझिरा २०१३ मध्ये व्याघ्रप्रकल्प झाला. त्यानंतर त्यावर आलेले जेवढे लेख मी वाचले, त्यांतल्या बहुतेकांत मला एकाच जिप्सीतून फिरल्यासारखं वाटलं. ‘भटकंती’ हा शब्द एकेकाळी शिवीच्या जवळचा होता, घरात बसवत नाही अशा पोराला वापरायचा. आता तो टी-शर्टवर छापतात.

माझी तक्रार लोक फिरतात याबद्दल नाही. खूप फिरावं. माझी तक्रार संपादकांबद्दल आहे, जे पहिल्या खेपेचं वर्णन लगेच छापतात.

आणि एक जुनं दुखणं आहे. इथे वर्षानुवर्षं परत परत येणारे, चालत येणारे लोक आहेतच. माघी पौर्णिमेला सालेकसा तालुक्यात कचारगडला गोंड समाजाची यात्रा भरते. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून माणसं येतात आणि धनेगावहून डोंगराच्या गुहेकडे चालू लागतात. त्या गुहेत कली कंकालीची मुलं कोंडलेली होती, पारी कुपार लिंगोने त्यांच्या सुटकेची वाट काढली, हिरासुका पाटालीरच्या किंगरीच्या सुराने मुलांना बळ चढलं, शिळा ढळली आणि तिच्याखाली वाजवणाराच चिरडला गेला. सुटलेली मुलं पुढे कुळाकुळांनी पांगली. हे आमचं भटक्यांचं महाकाव्य आहे, आणि युलिसिसच्या शेजारी बसायला त्याला कुणाच्या शिफारशीची गरज नाही. लिंगोचं गाणं पहिल्यांदा कागदावर आलं ते नागपूरच्या स्टीफन हिस्लॉपने टिपून ठेवलेलं, आणि त्याच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये रिचर्ड टेम्पलने ते इंग्रजीत छापलं. अलीकडे मोतीरावण कंगालींनी त्यावर आयुष्य घातलं, तेही प्रामुख्याने हिंदीत. मराठी वाचकाला ‘कचारगड’ म्हणून मिळतं ते पावसाळी सहलीचं ठिकाण, हाजरा धबधब्याच्या जोडीला.

तसंच धान कापून झाल्यावर पूर्व विदर्भातून मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्या बायांचं. दर वर्षी तीच वाट, तोच मुकादम, तीच शेडं. दुसऱ्या खेपेचा जो निकष मी वर लावला तो लावला तर या बाया पंधराव्या, विसाव्या खेपेला आहेत. त्यांच्यापाशी वाटेचं केवढं ज्ञान असेल! पण प्रवासवर्णन हा प्रकार आपण रजा घेऊन जाणाऱ्यांसाठी राखून ठेवला आहे, कामाला जाणाऱ्यांच्या चालण्याला आपण स्थलांतर म्हणतो आणि अहवालात टाकतो. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीला साहित्यात उभं केलं, या बोलीची स्वतःची संमेलनं भरू लागली, कविता आणि कथा आल्या. वाटेचं गद्य मात्र अजून त्या मानाने थोडंच आहे.

माझा पाहुणा चार दिवस राहिला. नवेगावला हिवाळी बदकं बघितली, नागझिऱ्याला गवे बघितले, पदमपूरला तासभर फिरला. गेल्यावर पंधरा दिवसांत त्याचा लेख छापून आला, वाईट नव्हता. मी त्याला कळवलं की आता वैशाखात ये. तेव्हा तळं उतरलेलं असतं, बदकं गेलेली असतात, जिथे तू पाणी पाहिलंस तिथे ढोरं चरताना दिसतील. त्याने अंगठ्याचं चित्र पाठवलं.

संपादकांना एक विनंती करून थांबतो. येत्या दिवाळी अंकात भ्रमंतीला सोळा पानं ठेवणार असाल, तर त्यातली चार चोरखमारा किंवा मंगेझरी गेटवरच्या एखाद्या गाइडला द्या. तो एकाच रस्त्यावरून वर्षाला शेकडो फेऱ्या मारतो, आणि त्याचं बोलणं जिप्सीतल्या पाहुण्यांपलीकडे जात नाही. लिहून देणं त्याला जमलं नाही तर समोर बसून उतरवून घ्या, म्हाइंभटाने तेच केलं होतं. आणि मुद्रितशोधकाला आधीच सांगून ठेवा की झाडीबोलीत ‘ण’ आणि ‘ळ’ नाहीत, ते त्याने घालू नयेत.